सोहळ्यांचा पत्ता पंचांगात

कला, खाद्यपदार्थ आणि सामूहिक सोहळे शोधायचे तर पुणे-मुंबईच गाठावी, हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत बुलढाणा जिल्ह्याला लागू होत नाही. मुंबईच्या काळा घोडा महोत्सवाची १९९९ पासून जाहिरात होते. बुलढाण्यातील बहुतेक सोहळ्यांचा पत्ता मात्र पंचांगात असतो. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे शेतात घट मांडला जातो. भोवती अठरा प्रकारची धान्ये, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, पापड, करंजी. दुसऱ्या पहाटे मांडणीतील बदल पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. त्याला शास्त्रीय आधार नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही मांडणी मोलाचा लोकठेवा आहे आणि सांस्कृतिक नोंदींत तिला जागा मिळायलाच हवी. खामगावात कोजागिरीपासून जगदंबेचा शांती उत्सव चालतो, सैलानी येथे नारळांची होळी पेटते. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी सिंदखेड राजा येथे लोटणाऱ्या गर्दीत पुस्तकांची दुकानेही मोठ्या संख्येने लागतात. शेगावची कचोरी रेल्वे स्थानकावरून महाराष्ट्रभर नावाजली. ती मात्र बाराही महिने मिळते.