पंत की ज्युरेल? स्कोअरकार्डमध्ये नसलेल्या रकान्याचं गणित

गेल्या रविवारी वरळीला आमच्या बीडीडी चाळीत, तिसऱ्या माळ्याच्या पॅसेजमध्ये टीमची मीटिंग होती. विषय एकच, कीपर. आमच्या जुन्या कीपरची बिल्डिंग पुनर्विकासासाठी खाली झाली आणि तो आईवडिलांना घेऊन कल्याणला भाड्याने राहायला गेला. ऑगस्टमध्ये ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, पण आमचा नंबर अजून यायचाय. तोवर १६० चौरस फुटांची खोली आणि जांबोरी मैदान. डिसेंबरमध्ये तिथे आठ ओव्हरची टुर्नामेंट खेळायची आहे आणि स्टंपमागे उभं राहायला माणूस नाही.

दावेदार दोन. तळमजल्यावरचा पोरगा चार वर्षं राखीव म्हणून पाणी देतोय. कीपिंग एक नंबर, बॅटिंग जेमतेम. दुसऱ्या माळ्यावरचा गडी बॉल रस्त्यापलीकडे घालवतो, पण त्याच्या हातात बॉल राहिला तर आम्ही टाळ्या वाजवतो. कॅप्टन म्हणाला, "भावा, तू इंजिनीअर ना? कर कायतरी एक्सेलमध्ये."

नेमका हाच वाद सध्या भारतीय टीमबद्दलही चाललाय. येत्या शुक्रवारी, १४ नोव्हेंबरला, ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी सुरू होतेय. जुलैमध्ये मँचेस्टरला पायाचं हाड मोडलेला ऋषभ पंत उपकर्णधार म्हणून परत आलाय. तो नव्हता तेव्हा ध्रुव ज्युरेलने ऑक्टोबरमध्ये अहमदाबादला वेस्ट इंडिजविरुद्ध १२५ केल्या. आता भारत 'अ' कडून एकाच सामन्यात नाबाद १३२ आणि नाबाद १२७ केल्यात. मग ग्लव्हज कोणाला?

आपली पहिली अडचण अशी की बॅटिंग दिसते आणि फिल्डिंग दिसत नाही. २ नोव्हेंबरची महिला वर्ल्ड कप फायनल आठवा, नवी मुंबईतली. अमनजोत कौरच्या नावापुढे १२ धावा आहेत आणि विकेट एकही नाही. नुसतं स्कोअरकार्ड बघणारा म्हणेल, हिने काय केलं? हिने थेट फेकीवर तझमीन ब्रिट्सला रनआउट केलं आणि १०१ वर खेळणाऱ्या लॉरा वोल्वार्टचा कॅच तीन प्रयत्नांत का होईना, पकडला. तो सुटला असता तर? स्कोअरकार्डमध्ये सुटलेल्या कॅचचा रकानाच नसतो. डेटाबेसमध्ये ज्या गोष्टीला कॉलम नाही, तिच्यावर क्वेरी चालत नाही. सिलेक्शन कमिटीचंही तसंच होतं, आणि आमच्या पॅसेजमधल्या कमिटीचंही.

बरं, रकाना टाकला तरी त्यात आकडा कोणता लिहायचा? इथे बहुतेक लोक चुकतात. उदाहरण आपल्याच मुंबईच्या यशस्वी जयस्वालचं. जूनमध्ये हेडिंग्लेला त्याने एकाच कसोटीत चार कॅच सोडले. डकेटला ११ वर सोडलं, त्याने ६२ केल्या. पोपला ६० वर, त्याने १०६. ब्रुकला ८२ वर, त्याने ९९. दुसऱ्या डावात परत डकेटला ९७ वर, त्याने १४९. वजाबाक्या करून बेरीज मारली की १६६ येतात. जयस्वालच्या स्वतःच्या धावा १०१ अधिक ४, म्हणजे १०५. भारताकडून पाच शतकं झाली तरी इंग्लंडने ३७१ चा पाठलाग पूर्ण केला. इंटरनेटने निकाल देऊन टाकला: जयस्वाल उणे ६१.

हे गणित चुकीचं आहे. डकेट ९७ वर आउट झाला असता तर पुढचा बॅट्समन काय शून्यावर बसून राहणार होता? त्यानेही धावा केल्याच असत्या. कॅच सुटला म्हणजे एक विकेट गेली, आणि कसोटीत एक विकेट ढोबळ मानाने ३० धावांना पडते. म्हणून सुटलेल्या कॅचची किंमत त्या बॅट्समनने नंतर केलेल्या धावा नाही, तर साधारण ३०. जमलेला बॅट्समन असेल तर थोडी जास्त, दहाव्या नंबरचा असेल तर बरीच कमी. शिवाय दुसऱ्या कोणी ते चारही पकडलेच असते असं नाही. समजा चांगल्या स्लिप फिल्डरने तीन पकडले असते. नुकसान ९०.

तोच न्याय बॅटिंगलाही लावायचा. जयस्वाल नसता तर त्याच्या जागी कोणीतरी ओपनर आलाच असता. त्याने दोन डावांत समजा ६० केल्या असत्या. मग जयस्वालचा खरा फायदा १०५ नाही, ४५. त्या एका कसोटीत तो तोट्यातच गेला, मान्य. पण पूर्ण मालिकेत त्याच्या ४११ धावा आहेत, ओव्हलच्या ११८ धरून, आणि ओव्हल आपण फक्त ६ धावांनी जिंकलो. अशा माणसाला टीममधून काढत नाहीत, स्लिपमधून काढतात.

कीपरच्या बाबतीत ही सोय नाही. तो मिड-ऑनला लपवता येत नाही. म्हणून इथे हिशोब जास्त कडक लागतो. ऋद्धिमान साहा आणि पंत घ्या. साहाची कसोटी सरासरी २९.४१, पंतची साधारण ४४. एका कसोटीत कीपरला सरासरी १.७ डाव मिळतात असं धरलं तर पंत सामन्यामागे २५ धावा जास्त देतो. आता दुसरी बाजू. पुढचे आकडे माझे गृहीत आहेत, तुम्ही तुमचे घालून बघा. समजा परदेशातल्या विकेटवर कीपरकडे सामन्यात तीन संधी येतात. एक ९५ टक्के पकडतो, दुसरा ८५. फरक ०.३ विकेटचा, म्हणजे ९ धावा. बायच्या चारेक धावा मिळवा, १३ झाल्या. पंत आरामात पुढे. आता चेंडू हातभर वळणारी आपली विकेट घ्या. संधी पाच, आणि स्टंपजवळ उभं राहायचं असल्यामुळे पकडण्यातली तफावत ९५ विरुद्ध ८०. फरक पाऊण विकेटचा, म्हणजे २२ धावा, बाय धरून पंचविशीच्या पुढे. बरोबरी!

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मायदेशात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध साहाला खेळवलं, तेव्हा मॅनेजमेंटच्या डोक्यात असाच काहीतरी हिशोब असणार. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडलाही साहाच होता. आपण ३६ ला गुंडाळलो गेलो (आठवण काढू नये, पण काढावी लागते) आणि पुढच्या सामन्यापासून पंत आला.

आणि मग सिडनी, जानेवारी २०२१. माझी आवडती केस. पंतने पदार्पण करणाऱ्या पुकोव्स्कीला २६ वर सोडलं, ३२ वर परत सोडलं, त्याने ६२ केल्या. नंतर बॅटिंग करताना पंतच्या कोपराला बॉल लागला. २०१७ पासूनच्या नियमानुसार अंपायरच्या परवानगीने बदली खेळाडू कीपिंग करू शकतो. त्यामुळे दुसऱ्या डावात ग्लव्हज घातले साहाने, आणि चौथ्या डावात पंतने ११८ बॉलमध्ये ९७ ठोकले. सामना वाचला. साहाची कीपिंग आणि पंतची बॅटिंग एकाच टीममध्ये, तेही एका दुखापतीच्या कृपेने.

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनी या प्रश्नाचा पार भुगा केलाय. त्यांच्याकडे 'फर्स्ट बेसमन' नावाची जागा असते. बाकीच्यांनी फेकलेला बॉल बेसवर पाय ठेवून पकडायचा हे त्याचं मुख्य काम. फिल्डिंगसाठी ही सोपी जागा मानतात, म्हणून जड अंगाचे हिटर तिथे लावतात. पण सोप्या जागेवर उभं राहण्याचा दंडही भरावा लागतो. फॅनग्राफ्स ही आकडेवारीची साइट खेळाडूची एकूण किंमत काढताना पूर्ण १६२ सामन्यांच्या हंगामासाठी फर्स्ट बेसमनच्या खात्यातून १२.५ रन वजा करते आणि कॅचरच्या, म्हणजे त्यांच्या कीपरच्या, खात्यात १२.५ जमा करते. म्हणजे फर्स्ट बेसमनने कॅचरपेक्षा २५ रन जास्तीचे दिले की कुठे दोघं बरोबरीत.

'मनीबॉल' पिक्चर बघितला असेल तर स्कॉट हॅटबर्ग आठवेल. जेसन जियाम्बी २००१ नंतर यँकीजकडे गेला आणि ओकलंडला फर्स्ट बेसमन हवा होता. त्यांनी कोपराच्या दुखापतीमुळे थ्रो न जमणारा एक कॅचर उचलला आणि त्याला ती जागा शिकवली. फिल्डिंगमध्ये जेवढं जाईल त्याहून जास्त बॅटिंगमध्ये येईल, हा हिशोब. २००२ मध्ये त्यांनी १०३ सामने जिंकले.

तेव्हा फिल्डिंग मोजायला डोळे आणि वही होती. २०१५ पासून तिथल्या सगळ्या मोठ्या मैदानांवर स्टॅटकास्ट आलं आणि २०२० पासून त्यात हॉक-आयचे कॅमेरे आहेत. होय, आपल्याकडे एलबीडब्ल्यू ठरवणारंच हॉक-आय. फिल्डर बॉलपासून किती लांब होता, हातात किती वेळ होता, कोणत्या दिशेला पळायचं होतं, यावरून तो बॉल पकडला जाण्याची शक्यता काढतात. शक्यता ९० टक्के असताना पकडलास तर ०.१ गुण, सोडलास तर उणे ०.९. सोपा सोडला की मोठा फटका, अवघड पकडला की मोठं बक्षीस. जयस्वालच्या चार कॅचपैकी 'तीन पकडले असते' हे मी वर अंदाजाने म्हटलं, त्याऐवजी तिथे खरा आकडा लिहिता येईल. कॅमेरे आपल्या स्टेडियममध्येही आहेत. राहिलाय तो फक्त रकाना.

मुंबईत हा वाद कॅमेऱ्यांच्या कितीतरी आधीपासूनचा. नरेन ताम्हाणे यांचं कीपिंग जुनी माणसं अजून डोळे मिटून सांगतात. २१ कसोटींत ३५ कॅच, १६ स्टंपिंग, आणि बॅटिंगची सरासरी १०.२२. मग १९६० च्या १ जानेवारीला ब्रेबॉर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध बुधी कुंदरन उतरला. घरात जागा नव्हती म्हणून आदल्या रात्री तो बागेत झोपला होता आणि ग्लव्हज ताम्हाणेंचे मागून आणले होते, असं सांगतात. १६० चौरस फुटांत सहा माणसं झोपलेली ज्याने बघितलीत त्याला यातलं काहीच खोटं वाटणार नाही. पुढच्याच कसोटीत मद्रासला त्याने ७१ केल्या, १९६४ मध्ये तिथेच इंग्लंडविरुद्ध १९२. त्याचा स्पर्धक दादरचा फारुख इंजिनीअर, तोही फटकेबाज. दहाच्या सरासरीचा कीपर तेव्हापासूनच अवघड झाला.

आता शुक्रवार. चर्चा अशी आहे की पंत आणि ज्युरेल दोघंही खेळतील, एक निव्वळ बॅट्समन म्हणून. तसं झालं तर वरचं अर्धं गणित खोडून टाका. दोघांच्या धावा टीमला मिळणारच आहेत, मग ग्लव्हज देताना बॅटिंगचा विचार कशाला? प्रश्न फक्त कीपिंगचा उरतो. ईडनवर स्पिन चाललं तर स्टंपजवळ कोण जास्त पकडेल, आणि दिवसभर उठबस करायला कोणाचं शरीर ताजं आहे? माझं मत ज्युरेल. लॉर्ड्सला तो बदली कीपर असताना बायच्या धावा भरपूर गेल्या आणि आपण २२ धावांनी हरलो, हे मला माहीत आहे. पण त्यातले कित्येक बॉल कोणाच्याच हाताला लागले नसते. पंत आजवरच्या सवयीने आणि उपकर्णधारपदाच्या वजनाने ग्लव्हज घालेल असं दिसतंय. नुकत्याच जुळून आलेल्या पायावर ती सक्ती मला पटत नाही.

राहिली आमची टीम. मी शीट बनवली: संधी, पकडली, सुटली, बाय. जुन्या मॅचचे मोबाइलवरचे व्हिडिओ बघून भरली. कळलं एवढंच की एका मॅचमध्ये कीपरकडे जेमतेम एक-दोन संधी येतात, त्यामुळे एवढ्याशा आकड्यांवरून कोण किती चांगला हे सिद्ध होत नाही. मग मी वेगळा रकाना टाकला: हा बॅटिंगला कितव्या नंबरवर येणार? आठ ओव्हर म्हणजे ४८ बॉल. आमचे पहिले पाच ठरलेले, ते हलणार नाहीत. दुसऱ्या माळ्यावरचा गडी सहावा येणार, त्याच्या वाट्याला चार-पाच बॉल. त्यात तो दहा धावा जास्त करेल, तेही चाललं तर. स्टंपमागे मात्र त्याला ४८ च्या ४८ बॉल उभं राहायचंय, आणि जांबोरी मैदानावर बॉल मागे सुटला की चारच.

शीट ग्रुपवर टाकली. दुसऱ्या माळ्यावरून अंगठा नाही, काही नाही, नुसते दोन निळे टिक. कॅप्टनचा मेसेज आला, "ठीक, पण तो पहिली मॅच रागावून येणार नाही बघ." तळमजल्यावरच्या पोराने फक्त विचारलं, ग्लव्हज टीमचे आहेत की स्वतःचे आणायचे. टीमचे जुन्या कीपरबरोबर कल्याणला गेलेत. शनिवारी जाऊन घेऊन येतो.