आधी एसएमपीएस, मग ग्राफिक्स कार्ड



वार्षिक निकाल लागला की घरोघरी बक्षिसांची बोलणी सुरू होतात. पूर्वी मुले सायकल किंवा बॅट मागत, आता नववी-अकरावीतली मुले ग्राफिक्स कार्ड मागतात. पालक आम्हाला विचारतात, "घेऊन द्यावे का?" गेम किती वेळ खेळायचा हा प्रत्येक घराचा प्रश्न आहे आणि तो घरातच बसून सोडवावा. परंतु कार्ड घ्यायचे ठरलेच, तर ते कसे घ्यावे याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. पैसे आधी चांगल्या एसएमपीएसला द्यावेत, उरतील त्यात कार्ड घ्यावे. बहुतेक ठिकाणी नेमके याच्या उलट होते.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला तो लोखंडी डबा, जो घरातली २३० व्होल्टची वीज संगणकाला चालेल अशा कमी व्होल्टची करतो. तो दिसत नाही, मित्रांना दाखवता येत नाही, म्हणून त्यावर खर्च करणे जिवावर येते. पंचवीस-तीस हजारांचे कार्ड आणायचे आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्याला जोडायचे, हा प्रकार म्हणजे नवी मोटार घेऊन तिला जुने ब्रेक लावण्यासारखा आहे.

आता थोडे गणित. दहावीच्या विज्ञानात आपण शिकवतो की व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. हेच सूत्र एसएमपीएसच्या लेबलला लावून पाहा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेले असते, पण लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर असतात. १२ गुणिले १८ म्हणजे फक्त २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. २०२३ साली आलेले जीफोर्स आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅट घेते. प्रोसेसरचे १२० धरले तर बेरीज झाली २३५. म्हणजे खोक्यावर ४५० लिहिलेला डबा मध्यम प्रतीच्या कार्डालाही अपुरा पडला. मग गेम रंगात आला की संगणक आपोआप बंद पडतो, आणि दोष बिचाऱ्या कार्डाला दिला जातो.

शिवाय ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या नेमलेल्या वॅटपेक्षा बरीच जास्त वीज ओढते. त्यात आपल्या माळव्यातला मे महिना! पारा चाळिशी ओलांडतो आणि गरम खोलीत एसएमपीएसची ताकद आणखी कमी होते. म्हणून बेरजेवर भरपूर जागा ठेवावी. ४०६० साठी खुद्द एनव्हिडिया कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, ते उगीच नाही. '८० प्लस' हे चिन्ह कार्यक्षमता सांगते, म्हणजे वीज किती वाया जाते ते. सुरक्षिततेची ती हमी नव्हे. जादा भार व शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे का आणि वॉरंटी किती वर्षांची, हे वेगळे विचारावे. संरक्षण नसलेला डबा जळतो, तेव्हा कधी कधी मदरबोर्ड आणि कार्डही सोबत नेतो. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदीतून झाले, त्यामुळे हिंदीतली म्हण आठवते: महँगा रोए एक बार, सस्ता रोए बार-बार.

कार्ड निवडतानाही मोठ्या आकड्याच्या मागे धावू नये. घरचा मॉनिटर १९२० बाय १०८० चा आणि ६० हर्ट्झचा असेल, तर सेकंदाला ६० पेक्षा जास्त चित्रे तो दाखवूच शकत नाही. मग सर्वांत महागडे कार्ड कोणासाठी? २०२१ चे आरटीएक्स ३०६० हे १७० वॅट घेते, त्यापेक्षा वेगवान असलेले ४०६० फक्त ११५. मात्र ३०६० च्या मूळ कार्डात १२ जीबी मेमरी आहे, ४०६० मध्ये ८. दोन्ही बाजू तोलूनच ठरवावे. जुने कार्ड घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग थांबले आणि रात्रंदिवस राबवलेली अनेक कार्डे बाजारात विक्रीला आली. स्वतःच्या संगणकात लावून तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दोन गोष्टी मुलांनी कदापि करू नयेत. एक, एसएमपीएसचा डबा उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठलेली असते. दोन, एका एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या केबल दुसऱ्याला जोडू नयेत. टोक सारखे दिसते, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. पालकांनी घरातले अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. घरोघरी असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, हेही ध्यानात असू द्यावे.

काही पालक म्हणतील, शाळेच्या पत्रिकेत गेमच्या संगणकाची चर्चा कशाला? आमचे म्हणणे असे की मुलगा ज्या गोष्टीसाठी हट्ट धरतो, त्याच गोष्टीतून त्याला हिशेब शिकवणे सोपे जाते. सरसकट 'नाही' म्हटले तर तो उधार-उसनवारीने स्वस्तातला माल आणतो. मुकाट्याने पैसे दिले तर तो काहीच शिकत नाही. म्हणून पालकांना आमची सूचना आहे की पैसे देण्यापूर्वी मुलाकडून एक पान लिहून घ्यावे. त्यात वॅटची बेरीज, लेबलवरचे अँपिअर, मॉनिटरचा आकडा, कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये बसते का आणि महिन्याला किती युनिट वीज जाईल, एवढे असावे. ४०० वॅटचा संगणक रोज दोन तास चालला तर ३० दिवसांत २४ युनिट होतात. हे पान ज्याला लिहिता येत नाही, त्याने अजून थांबावे. मुलीने मागितले तर तिलाही हाच नियम.

विश्वस्त मंडळालाही एक विनंती आहे. संगणक कक्षातले बंद पडलेले एसएमपीएस भंगारात देण्यापूर्वी त्यांची लेबले दहावीच्या मुलांना वाचायला द्यावीत. डबा न उघडता, फक्त लेबल. वॅटचे सूत्र पाठ असूनही दुकानात फसणारी मुले घडवायची नसतील, तर एवढा एक तास जरूर द्यावा.