विनोदी म्हणजे पोरकट नव्हे!

'अर्थबाउंड'चं नाव काढलं की एक ठरलेला शेरा येतोच. "तो ना? बॅटने हिप्पींना बडवायचा पोरकट गेम!" मंडळी, माझं डोकं फिरतं.

अर्थात, ही समजूत पसरवायला कंपनीचाही हातभार लागलाय. १९९४ साली जपानात सुपर फामिकॉमवर 'मदर २' म्हणून आलेला हा गेम १९९५त अमेरिकेत गेला, तेव्हा जाहिरात काय? तर म्हणे या गेमला घाण वास येतो! वर खरवडून हुंगायचे कागद. (हो, खरंच!) खपला नाही यात नवल ते काय?

याचा कर्ता शिगेसातो इतोई मुळात जाहिरातींच्या ओळी लिहिणारा माणूस. बाकीचे रोल-प्लेइंग गेम तलवारी नि ड्रॅगनमध्ये रमलेले असताना त्याने हॅम्बर्गर, एटीएम आणि टेलिफोन आणले. नेसचे बाबा अख्ख्या गेममध्ये दिसत नाहीत, फक्त फोनवर बोलतात. गेम सेव्ह करायचा? बाबांना फोन करा. लढाया जिंकल्याचे पैसेही तेच खात्यात टाकतात, आणि फार वेळ खेळत बसलात तर स्वतःहून फोन करतात, जरा विश्रांती घे म्हणून! नेसला घरची आठवण छळायला लागली की ऐन लढाईत त्याचे हातपाय चालत नाहीत. औषध एकच, आईशी बोलणं. याला पोरकट म्हणायचं? परगावी राहिलेल्या कुणालाही विचारा.

आता शेवट सांगतो, ज्यांना खेळायचाय त्यांनी हा परिच्छेद गाळा. शेवटच्या गीगसपुढे हत्यारं कुचकामी ठरतात. मग पॉला प्रार्थना करते, आणि वाटेत भेटलेली माणसं एकेक करून या मुलांसाठी हात जोडतात. सगळ्यात शेवटी खुद्द खेळणारा, त्याच्या नावानिशी! ती माणसं आपल्या लक्षात का असतात? तीस तास आपण त्यांच्या वेडगळ बोलण्यावर हसलेलो असतो म्हणून. विनोद काढून टाका, मग ती प्रार्थना कुणाची नि कुणासाठी?

असो. युरोपाला हा गेम अधिकृतपणे मिळायला २०१३ उजाडलं. २००६चा 'मदर ३' तर कंपनीने इंग्रजीत काढलेलाच नाही. आणि आमचे दादा विचारतात, "त्यात मारामारी किती आहे रे?"