विष विहिरीत नव्हते

भूकंप माणसाची जात विचारत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. पूर, वादळ, आग यांच्यापुढे राव आणि रंक सारखेच, असेही ऐकवले जाते. हे म्हणणे निम्मेच खरे आहे. जमीन हादरते तेव्हा ती कोणाला काही विचारत नाही. पण जमीन थांबली की माणसे विचारू लागतात. तू कोण? कुठला? तुझी बोली अशी का? या विचारण्यातून हजारो माणसांचे प्राण कसे गेले, त्याची हकिकत आज वाचक भगिनी-बंधूंपुढे ठेवायची आहे. ती जपानमधली आहे आणि शंभर वर्षांहून जुनी आहे. तरीही ती आपल्या घरात, मोठ्या मुलांना जवळ बसवून वाचावी अशी आहे.

1 सप्टेंबर 1923, शनिवार. दुपारचे 11 वाजून 58 मिनिटे झाली होती. टोकियो आणि योकोहामा या शहरांत घरोघरी दुपारच्या जेवणाची तयारी चालू होती, चुली आणि शेगड्या पेटलेल्या होत्या. त्याच वेळी मोठा भूकंप झाला. घरे लाकडाची, दारे कागदाची. पडलेल्या घरांतून आगी लागल्या, वाऱ्याने पसरल्या आणि सुमारे दोन दिवस जळत राहिल्या. टोकियोत लष्करी कपड्यांच्या कारखान्याची मोठी मोकळी जागा होती. तिथे आसरा घेतलेली सुमारे 38,000 माणसे आगीच्या वावटळीत सापडून मेली. एकूण मृतांचा आणि बेपत्ता झालेल्यांचा आकडा सुमारे 1,05,000 धरला जातो.

हे झाले निसर्गाचे काम. माणसाचे काम त्याच संध्याकाळी सुरू झाले.

अफवा उठली की कोरियन लोक आगी लावत आहेत. कोरियन लोकांनी विहिरींत विष टाकले आहे. ते टोळ्या करून शहरावर चालून येत आहेत. कोणी पाहिले? कोणीच नाही. पण प्रत्येकाला कोणीतरी सांगितले होते.

हे कोरियन लोक जपानमध्ये आले कसे, हे आधी समजून घेतले पाहिजे. 1910 मध्ये जपानने कोरिया देश गिळला. नंतर सरकारने तिथे जमिनीची मोजणी केली, आणि त्या व्यवहारात कितीतरी शेतकऱ्यांच्या हातून जमिनी गेल्या. पोट भरण्यासाठी ते समुद्र ओलांडून जपानला आले. खाणीत, गिरणीत, रस्त्याच्या आणि नदीच्या कामावर राबू लागले. जपानी मजुरापेक्षा कमी मजुरी, राहायला कामाच्या जागेजवळच्या खोपट्या. 1919 मध्ये कोरियन जनतेने स्वातंत्र्यासाठी मोठे आंदोलन केले आणि जपानी सत्तेने ते निर्दयपणे मोडून काढले. तेव्हापासून कोरियन म्हणजे बंडखोर, कोरियन म्हणजे घातकी, असे चित्र जपानी वर्तमानपत्रांतून रंगवले जात होते. म्हणजे भूकंपाच्या आधीच संशयाचे सरण रचून तयार होते. अफवेने फक्त काडी लावली.

आणि ती काडी विझवण्याचे ज्यांचे काम, त्यांनीच वारा घातला. 2 सप्टेंबरला लष्करी कायदा लागू झाला. 3 तारखेला सकाळी गृहखात्याने फुनाबाशी येथील नौदलाच्या बिनतारी केंद्रावरून देशभरच्या अधिकाऱ्यांना संदेश पाठवला की कोरियन लोक ठिकठिकाणी आगी लावत आहेत, त्यांच्यावर कडक नजर ठेवा. बाजारगप्पेवर सरकारी शिक्का बसला! मग गावोगावी आणि गल्लोगल्ली ‘रक्षक दले’ उभी राहिली. त्यांत चोर-दरोडेखोर नव्हते. दुकानदार होते, शेतकरी होते, शेजारी होते. हातात बांबूचे भाले, तलवारी, कोयते, आग विझवताना वापरायचे लोखंडी आकडे. त्यांनी रस्ते अडवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची परीक्षा सुरू केली.

परीक्षा कसली, तर उच्चाराची. ‘पंधरा येन पन्नास सेन’ असे जपानीत म्हणून दाखव. जपानी माणूस ‘जूगो-एन गोजिस्सेन’ म्हणणार. कोरियन भाषेत शब्दाच्या सुरुवातीला ‘ज’ स्पष्ट येत नाही, म्हणून कोरियन माणसाच्या तोंडून ‘चूगो’ निघणार. ‘ज’ आला तर जगायचे, ‘च’ आला तर मरायचे. आपल्याकडे नाव सांगितले की समोरचा लगेच आडनाव विचारतो, आडनावावरून कळले नाही तर गाव विचारतो आणि गावावरूनही कळले नाही तर वस्ती विचारतो. हा प्रश्न कशासाठी असतो, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. तिथे तो प्रश्न भाल्याच्या टोकावर धरलेला होता, एवढाच फरक.

किती माणसे मारली गेली? कोरियन लोकांनी त्या काळी केलेल्या तपासात हा आकडा सहा हजारांच्या वर निघाला. त्या वेळच्या सरकारने जेमतेम अडीचशेच्या आत मोजला. शेकडो चिनी मजूरही मारले गेले. टोकियोत आराकावा नदीचा नवा कालवा तेव्हा खोदला जात होता. शहर पुरापासून वाचावे म्हणून हे काम काढले होते आणि तिथे कोरियन मजूर राबत होते. त्याच नदीकाठी, योत्सुगीच्या जुन्या पुलाजवळ, कोरियन माणसांना आणून मारण्यात आले. ज्या शहराला पुरापासून वाचवण्यासाठी ते माती उपसत होते, त्याच शहराने त्यांना मातीत घातले.

अफवेवर जमाव कसा चालतो, हे आपल्याला परके नाही. त्यानंतर चारच वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. थोड्याच वेळात गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा कोणाचा बेत नव्हता. पण त्या आवईवर लाठ्या निघाल्या आणि मंडपात जेवणाऱ्या, गावाकडे परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. पुढे तळेही पंचगव्य घालून ‘शुद्ध’ करून घेतले गेले. कोरियन माणसाने पाण्यात विष टाकले, असे तिथे म्हटले गेले. आपला हात लागला की पाणीच विष होते, असे इथे मानले गेले. दोन्हीकडे पाणी स्वच्छ होते.

जपानमध्येही आपल्यासारखाच एक समाज आहे. त्याला बुराकू म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ नुसता ‘वस्ती’ असा आहे. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, अशी कामे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या गळ्यात बांधली गेली, ते हे लोक. 1871 मध्ये सरकारने कायद्याने हा भेदभाव रद्द केला. पण कागदावरचा कलंक गेला आणि माणसांच्या मनातला राहिला. 3 मार्च 1922 रोजी क्योटो शहरात या समाजाने ‘सुईहेईशा’ म्हणजे समतेची संघटना स्थापन केली आणि आपल्या माणुसकीचा जाहीरनामा वाचला. भूकंप झाला तो त्यानंतर दीड वर्षाने.

याच समाजातील 15 जणांचा एक तांडा मार्च 1923 मध्ये शिकोकू बेटावरील कागावा या भागातून निघाला होता. पुरुष, बायका, लहान मुले. घरी पुरेशी जमीन नाही आणि दुसरा धंदा कोणी करू देत नाही, म्हणून औषधांच्या पेट्या घेऊन गावोगाव फिरायचे आणि विकायचे. 6 सप्टेंबरला ते चिबा प्रांतातील फुकुदा या गावाजवळ, तोने नदीच्या उतारापाशी पोहोचले. नदी ओलांडायची होती. देवळाजवळ सावलीला टेकले. तेवढ्यात फुकुदा आणि शेजारच्या तानाका गावातील रक्षक दलांची माणसे जमली. तांड्यातील लोकांची बोली त्या मुलखात कधी ऐकलेली नव्हती. ‘हे कोरियन असणार!’ फेरीवाल्यांजवळ धंद्याचा सरकारी परवाना होता. तो दाखवला. उपयोग झाला नाही. खात्री करून घेण्यासाठी पोलीस वरिष्ठांकडे गेला, पण तेवढीही वाट जमावाने पाहिली नाही.

पंधरांपैकी नऊ जणांना तिथेच मारले. त्यांत एक गरोदर बाई होती. दोन, चार आणि सहा वर्षांची मुले होती. दोन वर्षांच्या मुलाने विहिरीत कोणते विष टाकले असेल? उरलेले सहा जण कसेबसे वाचले.

खटला झाला. रक्षक दलांतील काही जणांना शिक्षा झाल्या, पण नवा सम्राट गादीवर आला तेव्हा मिळालेल्या माफीत ते सुटले. मेलेल्यांच्या घरच्यांची विचारपूस कोणी केली नाही. वाचलेले आपल्या वस्तीत परतले आणि अनेक वर्षे गप्प राहिले. गरीब, त्यातून बुराकू, त्यातून परमुलखात मारले गेलेले. त्यांनी कोणाकडे दाद मागायची? मेलेल्यांच्या स्मरणार्थ दगड उभा राहिला तो 2003 मध्ये, म्हणजे 80 वर्षांनी. तात्सुया मोरी या दिग्दर्शकाने या घटनेवर चित्रपट काढला तो 2023 मध्ये, शंभर वर्षांनी.

फुकुदाची गोष्ट सांगताना लोक सहज म्हणून जातात, ‘अरेरे, ते तर जपानी होते. चुकून मारले गेले.’ या ‘चुकून’ शब्दापाशी वाचकांनी थांबावे. ते खरोखरच कोरियन असते, तर मग चूक झाली नसती काय? ते दोन वर्षांचे मूल कोरियन आईच्या कडेवर असते, तर भाला योग्य ठिकाणी पडला असे म्हणायचे काय? माणूस ओळखण्यात चूक झाली, ही तक्रारच मुळात खोटी आहे. माणूस ओळखून मग मारायचे ठरवणे, हाच अन्याय आहे. आपल्याला ‘चुकून’ त्रास झाला की आपण ओरडतो, ‘आम्ही ते नव्हेत!’ ही आरोळी समजण्यासारखी आहे, पण ती पुरेशी नाही. कारण तिच्यात ‘त्यांना’ मारायला हरकत नाही, अशी मुकी कबुली दडलेली असते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हा मार खाल्ला आहे, त्यांनी तरी ती कबुली कधी देऊ नये.

त्या दिवसांत सगळेच जमावात सामील झाले होते, असे मात्र नाही. योकोहामाजवळ त्सुरुमी येथे त्सुनेकिची ओकावा नावाचे पोलीस ठाण्याचे प्रमुख होते. त्यांनी सुमारे 300 कोरियन आणि चिनी लोकांना ठाण्यात आसरा दिला. बाहेर जमाव चिडलेला होता. विषारी म्हणून विहिरीचे पाणी बाटलीत भरून आणले होते. ओकावांनी ते पाणी सर्वांसमोर पिऊन दाखवले, अशी हकिकत सांगितली जाते. त्यांनी आसरा दिलेली माणसे जगली. 1953 मध्ये तिथल्या कोरियन लोकांनी तोझेनजी या बौद्ध विहाराच्या आवारात त्यांच्या स्मरणार्थ शिळा उभारली. जे सांगितले जाते ते तपासून पाहा, मग माना, ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकतो. ती आचरणात आणायला कधी एक घोटभर पाणीही पुरते.

दुसरे उदाहरण एका शिक्षिकेचे. आराकावा नदीच्या भागात प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या या बाईंनी 1970 नंतरच्या दशकात मुलांना नदीचा इतिहास शिकवावा म्हणून म्हाताऱ्या माणसांना गाठले. बोलता बोलता एका वृद्धाने पुलाजवळच्या हत्यांची गोष्ट सांगितली. बाई ऐकून घरी गेल्या नाहीत. त्यांनी माणसे जमवली, आठवणी लिहून घेतल्या. 1982 मध्ये नदीकाठी खोदकाम केले. हाडे सापडली नाहीत. कारण 1923 च्या नोव्हेंबरातच पोलिसांनी ती उकरून नेली होती, असे त्या काळच्या वर्तमानपत्रांतून पुढे आले. तरीही ही मंडळी हटली नाहीत आणि 2009 मध्ये नदीजवळ स्मारक उभे राहिले.

जपानचे सरकार मात्र आजही मोकळेपणाने बोलत नाही. टोकियोतील योकोआमिचो बागेत मारल्या गेलेल्या कोरियन लोकांचे स्मारक 1973 पासून आहे. तिथल्या वार्षिक स्मरणसभेला टोकियोचे राज्यपाल शोकसंदेश पाठवत असत. युरिको कोइके यांनी तो 2017 पासून बंद केला. 2023 मध्ये, शताब्दीच्या तोंडावर, सरकारी प्रवक्त्याने सांगितले की या हत्यांची खात्री पटवणारी कागदपत्रे सरकारदरबारी सापडत नाहीत. पण सरकारच्याच आपत्तीविषयक समितीच्या अहवालात या हत्यांची नोंद आहे! आणि 2016 मध्ये कुमामोतो येथे भूकंप झाला, तेव्हा मोबाईलवरून पुन्हा तेच वाक्य फिरले की कोरियन लोकांनी विहिरीत विष टाकले. 93 वर्षांत बिनतारी यंत्राचा मोबाईल झाला. वाक्य तेच राहिले.

आता आपल्या घराकडे वळू. आपणही कामासाठी गाव सोडतो, परमुलखात खोली घेतो. आपल्याही चाळीत परप्रांतातून आलेले एखादे कुटुंब राहते. उद्या पूर आला, रोगाची साथ आली, नळाचे पाणी गढूळ झाले, तर पहिले बोट कोणाकडे वळते, यावर लक्ष ठेवा. ‘त्या लोकांनीच केले असेल’ हे वाक्य स्वयंपाकघरात, ओट्यावर, मोबाईलवर जन्म घेते. रस्त्यावर गेल्यावर ते आवरत नाही. म्हणून ते घरातच अडवले पाहिजे. मुलाने असे काही ऐकून येऊन सांगितले, तर त्याला मारू नका, गप्पही करू नका. तीन प्रश्न विचारा. तू स्वतः पाहिलेस का? ज्याने सांगितले त्याने पाहिले का? आणि ते ज्यांच्याविषयी आहे, त्यांना कोणी विचारले का?

1923 च्या सप्टेंबरात हे तीन प्रश्न प्रत्येक गल्लीत एकेका आईने विचारले असते, तर तोने नदीच्या काठी औषधाच्या पेट्या उतरवून बसलेली ती बायका-मुले दुपारपर्यंत नदी ओलांडून पुढच्या गावाला लागली असती.