मैनेला रूपकातून सोडवा

'अण्णा भाऊंची मैना म्हणजे बेळगाव.' हे वाक्य उत्तरपत्रिकांतून आम्ही इतक्या वेळा वाचले आहे, आणि खरे सांगायचे तर त्याला इतक्या वेळा गुणही दिले आहेत, की त्याचा प्रतिवाद करणे हे आता आमचेच प्रायश्चित्त ठरावे.

अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली, हे कुणी नाकारीत नाही. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे करणाऱ्या शाहिराची रचना राजकीय नसती तरच नवल. पण एवढ्यावरून गीतातली बाई 'केवळ प्रतीक' कशी ठरते?

मजकुराकडे वळू. आधी मैनेचे वर्णन येते, मग निरोपाचा प्रसंग, मग मुंबई, मग लढा. गीत बरेच पुढे गेल्यावर शाहीर म्हणतो, की आपली आणि मैनेची जशी ताटातूट झाली तीच अवस्था बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव तुटलेल्या महाराष्ट्राची झाली. म्हणजे ही उपमा आहे. रूपकात उपमेय आणि उपमान एकरूप होतात, उपमेत दोन्ही आपापल्या जागी उभी असतात, हे आपण पहिल्या वर्षालाच शिकवतो ना? येथे उपमेय खंडित महाराष्ट्र आहे आणि उपमान आहे गावी राहिलेली बाई. तिचा विरह खरा नसेल, तर प्रांताचे दुःख श्रोत्याला कशाच्या आधारे कळायचे? सभेला आलेल्या गिरणी कामगाराला सीमाप्रश्नाचा नकाशा ठाऊक असो वा नसो, बायको गावी ठेवून येणे म्हणजे काय हे त्याला पक्के ठाऊक होते. वाटेगावाहून पायी मुंबई गाठणाऱ्या कुटुंबातल्या आणि पुढे गिरणीत राबलेल्या शाहिरालाही ते शिकावे लागले नव्हते.

आमची दुसरी तक्रार स्नेहसंमेलनवाल्यांविरुद्ध आहे. तेथे मैनेच्या रूपाचे वर्णन ठसक्यात गायचे, मुंबई लागली की थांबायचे, आणि टाळ्या घ्यायच्या. निरोपाच्या प्रसंगात साज, पुतळ्यांची माळ, नथ अशी दागिन्यांची यादी येते, ती तर नुसती शृंगाराची सजावट समजली जाते. वस्तुतः ती वचनांची यादी आहे. रडणाऱ्या बायकोला हसवण्यासाठी, अजून एकही पगार हाती न पडलेला माणूस ती देतो आहे. त्यानंतर लगेच श्रीमंतांची मुंबई येते, हा योगायोग नव्हे. गीताचे राजकारण सीमाप्रश्नापाशी सुरू होत नाही. त्या नथीपाशीच सुरू होते.

प्रेमगीताच्या उगमाचा असा घोळ केवळ आपल्याकडेच होतो असे नाही. १९७० साली एरिक क्लॅप्टनच्या 'डेरेक अँड द डॉमिनोज' या वाद्यवृंदाने गायिलेल्या 'लैला' या रॉक गीताला दोन उगम आहेत. एक, बाराव्या शतकातील फारसी कवी निजामीचे लैला-मजनू काव्य. दुसरा, मित्र जॉर्ज हॅरिसनच्या पत्नीवर, पॅटी बॉईडवर, क्लॅप्टनचे जडलेले मन. तेथे रसिक दुसऱ्या उगमाच्या कुजबुजीत रमतात आणि निजामी तळटीपेत जातो. आपण उलटे करतो: चळवळ लक्षात ठेवतो आणि बाईला तळटीपेत घालतो.

भिवंडीत शिकवताना हे विशेष बोचते. येथील यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले पुरुष राबतात, आणि त्यांतील कित्येकांचे घर अजून गावीच आहे. भोजपुरीत भिखारी ठाकूरांनी 'बिदेसिया' नाटकात हीच व्यथा मांडली. तिथला नवरा कलकत्त्याला जातो, एवढाच फरक. पद्मानगरातल्या तेलुगू घरांतून आलेली आमची मुले मराठी घेऊन बी. ए. करतात. त्यांना आम्ही सांगायचे, की ही बाई बाई नव्हेच, ती जिल्हा आहे!

गेल्या वर्षी आमच्यापैकी एकीच्या तासाला मागच्या बाकावरील मुलीने विचारले, "मॅडम, मग तिला ते दागिने मिळाले का?" वर्ग हसला. मुलगी हसली नाही. तिचे वडील रात्रपाळीला माग चालवतात. मॅडमनी हातातले तयार टिपण मिटले आणि निरोपाच्या प्रसंगापासून गीत पुन्हा वाचायला घेतले.