डोकं काढलेली गाडी

दिवाळीला गावी गेलं की नातेवाइकांचे लॅपटॉप, फोन आणि सेट-टॉप बॉक्स बघून देणं हे आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाच्या नशिबी असतं. गेल्या दिवाळीत आमच्या दादानं (मामाचा मुलगा, जिंतूर तालुक्यात शेती) थेट गाडीच पुढ्यात उभी केली. म्हणजे चौघांनी ढकलत आणली.

"तू कॉम्प्युटरवाला हायेस ना? मग सांग, हे कॉम्प्युटर काढून टाकू का ठिवू?"

गाडी म्हणजे २०१३ची डिझेल पिकअप. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच, ते पुढे येईल. कापूस भरून परभणीला जिनिंगवर निघाली होती, झरीच्या अलीकडे बंद पडली. वर आभाळ भरून आलेलं. शेवटी ट्रॅक्टरनं ओढत आणली. नांदेडहून स्कॅनरवाला बोलावला, त्यानं क्रँक सेन्सर खराब सांगितला, नवा बसवला. आठ दिवस चालली, परत बंद. मग एकानं इंजेक्टर बदलायला सांगितले आणि चौघांचा मिळून जो आकडा सांगितला त्यात दादाची एक बरी म्हैस आली असती. तेव्हा गावातल्या पंपवाल्यानं मधला मार्ग सुचवला : कॉमन रेल काढा, ईसीएम काढा, जुन्या गाडीचा साधा पंप बसवा. "मेकॅनिक म्हणायलाय, परत कुठल्या लॅपटॉपचं तोंड बघायची गरज नाही," इति दादा.

हे खूळ आपल्याकडचंच आहे असं समजू नका. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९८१मध्ये आपल्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरवर कॉम्प्युटर बसवला, आणि तिथले हौशी लोक त्या काळच्या मोठ्या व्ही-८ गाड्यांमधून तो अजून उपटून काढतायत. जुना कार्ब्युरेटर आणि साधा डिस्ट्रिब्युटर लावला की काम झालं असं वाटतं, आणि मग कळतं की ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला कन्व्हर्टर लॉक करायचा हुकूमही तोच डबा देत होता. आता त्याला वेगळा स्विच शोधा! कोड डिलीट करताना आपलंही हेच होतं. एक फंक्शन काढायला जावं आणि ते भलत्याच तिघांनी वापरलेलं असावं.

दादाच्या गाडीतही तेच होणार होतं. पेडलखाली सेन्सर होता, तिथं केबल ओढावी लागणार. इंजिन बंद करायला जुन्या जीपसारखी स्टॉपची वायर. एसीचा कॉम्प्रेसर आणि रेडिएटरच्या पंख्याचा रिले ईसीएमकडे, त्यांना डॅशबोर्डवर हाती बटणं. परभणीच्या मे महिन्यात, पारा ४४च्या पुढे असताना, पंख्याचं बटण दाबायचं विसरलात तर हेड गॅस्केट गेलंच म्हणून समजा.

खरं तर साधा पंप म्हणजे "कॉम्प्युटर नाही" असं नसतंच. त्यात गव्हर्नर असतो. वेग वाढला की फिरणारी वजनं बाहेर फेकली जातात, स्प्रिंग दाबतात आणि डिझेल कमी होतं. जेम्स वॅटनं १७८८मध्ये वाफेच्या इंजिनाला लावली ती हीच युक्ती, आणि १८६८मध्ये मॅक्सवेलसारख्या माणसानं तिच्या गणितावर निबंध लिहिला. लोखंडात लिहिलेला प्रोग्रॅमच तो. फरक एवढाच की त्याचा सोर्स कोड पान्यानं उघडता येतो. आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांनी तो उघडला. "मायको"चा पंप म्हटलं की मराठवाड्यात वेगळं सांगावं लागत नसे. (ती कंपनी २००८पासून बॉश या नावानं चालते, हे अर्ध्या पंपवाल्यांच्या गावीही नाही.)

आता दुसरी बाजू. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असेल तर सेकंदाला १०० वेळा डिझेल फवारायचं असतं. क्रँकच्या चाकावरचा दर ६ अंशांचा दात एकतृतीयांश मिलिसेकंदात सेन्सरसमोरून जातो. त्यावरून ईसीएम ठरवतो की कधी, किती, आणि मुख्य फवाऱ्याआधी एक छोटा फवारा द्यायचा का. तो छोटा फवारा दिल्यानं इंजिनचा खडखडाट कमी होतो. रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, त्यामुळे डिझेलचं धुकं होतं आणि नीट जळतं. साध्या पंपाला हे बारकावे जमत नाहीत. शिवाय ते इंजिन, तो टर्बो आणि दुसऱ्याच गाडीचा पंप यांचं लग्न अंदाजपंचे लावलेलं, म्हणजे चढावर काळा धूर ठरलेला. दादाच्या गाडीत मागे नुसता कापूस नसतो, सकाळी शाळेला जाणारी पोरंही असतात.

कायद्याचं तर विचारूच नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलंय. मालवाहू गाडी, दरवर्षी फिटनेस. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं निमित्त.

एवढं सगळं भाषण मी दादाला दिलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. मग तुझा कॉम्प्युटर रात्री नऊला झरीच्या रोडवर कोण उघडून देणार?"

इथे माझी बोलती बंद झाली. कारण ऑफिसात मीही हेच करतो. जी लायब्ररी बंद डब्यात येते, जिचा एरर मला वाचता येत नाही आणि जिचा सपोर्ट दोनशे किलोमीटरवर बसतो, ती मी प्रोजेक्टमधून काढून टाकतो. जरा हळू चालेल, पण मला उघडता येईल असं काहीतरी लावतो. त्याला आम्ही "डिपेंडन्सी कमी करणे" म्हणतो आणि त्यावर प्रेझेंटेशन देतो. दादानं केलं की ते अडाणीपण?

पुण्याहून मी ईएलएम ३२७चा स्वस्तातला रीडर नेला होता. मोठ्या ऐटीत लावला, पण गाडी त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. आपल्याकडे बीएस-४ देशभर लागू झालं एप्रिल २०१७मध्ये. त्याआधीच्या बीएस-३ गाडीत कुणालाही वाचता येईल असं ओबीडी असायची सक्ती नव्हती. सॉकेट असलं तरी आतली भाषा कंपनीची. म्हणजे गाडीला आपल्याला काय होतंय ते माहीत आहे, पण ती मालकाला सांगणार नाही! माझं भांडण कॉम्प्युटरशी नाही, या मुक्या बसण्याशी आहे.

मॅसॅच्युसेट्समधल्या मतदारांनी २०१२मध्येच गाड्यांची दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजलाही मिळावी असा कौल दिला. कोलोरॅडोनं २०२३मध्ये शेतीयंत्रांसाठी तसा कायदा केला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२मध्ये समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं. त्यात गाड्या आहेत, शेतीची अवजारंही आहेत. पण नुसत्या पोर्टलनं काय होतंय? वायरिंगचा नकाशा आणि कोडचा अर्थ देणं हे सक्तीचंच पाहिजे. माहिती उघडी केली तर लोक सेटिंग बदलून धूर वाढवतील, असं कंपन्या म्हणतात. वाचायची परवानगी वेगळी आणि लिहायची वेगळी, हे आपल्यातल्या कुठल्याही फ्रेशरला कळतं. वाचू तरी द्या. आणि घाई यासाठी की १ जानेवारी २०२३पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरनाही नवे धुराचे नियम लागलेत, म्हणजे कॉमन रेल आणि ईसीएम शेतात पोचलेत. तिथे पेरणीच्या दिवशी गाडी मुकी झाली तर?

असो. गाडीचं काय झालं ते सांगतो. पंपवाल्याला इसार द्यायच्या आदल्या दिवशी दादा गंगाखेड रोडवरच्या एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्याकडे गेला, मी सोबत. त्यानं स्कॅनर लावलाच नाही. मल्टीमीटर घेऊन क्रँक सेन्सरपासून ईसीएमपर्यंतची वायर बोटानं चाचपत गेला, आणि बॅटरीच्या मागे थांबला. उंदीर. दोन वायरी कुरतडलेल्या, एकीचा जेमतेम एक तार शिल्लक, गाडी हादरली की सुटणारा. कापसाच्या गोदामात गाडी उभी करत होते, दुसरं काय होणार! जोड देऊन, वरून जाड स्लीव्ह घालून तासाभरात गाडी चालू.

ईसीएम जागेवर राहिला. दादा पंपवाल्याचा नंबर मात्र अजून खोडत नाही.

वायरिंगवाल्याकडे त्या गाडीचा नकाशा होता. कंपनीचा नव्हे, त्यानं स्वतः दोन वर्षांत एकेक पिन मोजून टायरच्या पुठ्ठ्यावर बॉलपेननं काढलेला. मी खिशातून फोन काढला आणि फोटो घेऊ का विचारलं, नेटवर टाकतो, सगळ्यांना उपयोग होईल. त्यानं पुठ्ठा उलटा करून ठेवला.

"तेवढं नका करू साहेब. हेच्यावरच तर चाललंय आमचं."