फारखतीचा कागद

नवराबायकोच्या ताटातुटीला मराठीत शब्दांची वाण नाही. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारखत आणि पांढरपेशांचा घटस्फोट. पैकी घटस्फोट हा मूळचा बहिष्काराचा विधी. जिवंत माणसाच्या नावाने घडा फोडून त्याला जातीबाहेर काढीत. फारखत मात्र सावकारी दप्तरातली. देणे फिटले, आता तुमचा-आमचा हिशेब उरला नाही, असे लिहून दिलेले पत्र ती फारखत. कर्जफेडीचा हा शब्द बायकोलाही लागू झाला!

मध्यंतरी धुळ्याच्या एका बाईंनी असाच कागद माझ्यापुढे ठेवला. स्टँपपेपर, पंचांच्या सह्या, आणि शेवटी 'यापुढे माझा कोणताही हक्क राहिला नाही'. नवरा नुकताच वारला होता. जळगावकडे त्याची केळीची जमीन.

"सर, तुम्ही मराठी शिकवता. ह्या ओळीचा अर्थ काय हो?"

मराठीतला अर्थ सरळ होता. कायद्यातला मात्र वकिलांना विचारावा लागला.

1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा ही मुलगे, मुली व सासू यांच्याबरोबर पहिल्या वर्गाची वारस. परंतु नवऱ्याच्या मरणदिवशी ती त्याची पत्नी असली पाहिजे. कोर्टाने घटस्फोटाचा हुकूमनामा दिला की तिचा वारसा संपला. मुलांचा मात्र तसाच राहतो. दावा चालू असतानाच नवरा गेला, किंवा नुसती न्यायिक विभक्ती झालेली असली, तर पत्नीचा हक्क शाबूत.

मग पंचांच्या कागदाचे काय? 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीची काडीमोड मानली आहे. पण तशी रूढी जातीत पूर्वापार आहे, हे ती सांगणाऱ्याने सिद्ध करायचे. ते साधले नाही तर बाई कायद्याने विधवाच. शिवाय पुढे मिळेल-न मिळेल अशा वारशावर आगाऊ पाणी सोडता येत नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. बाईंनी तलाठ्याकडे वारसनोंदीला हरकत घेतली आहे. निकाल लागायचा आहे.

रीतसर घटस्फोट झालेलीही अगदीच रिकाम्या हाताची नसते. स्त्रीधन तिचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली निक्षून सांगितले. कायम पोटगीसाठी कोर्ट नवऱ्याच्या स्थावरावर बोजा ठेवू शकते. तो सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंदवून घ्यावा, म्हणजे जमीन परस्पर विकली जाण्याची धास्ती कमी.

पण संसारात उभ्या राहिलेल्या मिळकतीत वाटा? शेजारच्या गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज संहितेपासून, वेगळा करार नसेल तर, मिळकत दोघांची. घटस्फोटात निम्मी निम्मी. आपल्याकडे पत्नीला वाटा देऊ पाहणारे विधेयक 2013 साली राज्यसभेत मंजूर झाले, आणि पुढे बारगळले.

उन्हातान्हात केळीला पाणी भरणाऱ्या बाईच्या कष्टाची नोंद सातबाऱ्याच्या कुठल्याच रकान्यात नसते. तेव्हा भगिनींनो, फारखतीवर सही करण्याआधी तो कागद वकिलाला दाखवा. पंच घटकाभर बसतात आणि उठून जातात. सही जन्मभर राहते.